पाठीचं दुखणं

कपाटाची मूठ कर्रकन वाजली.

रविवारची दुपार होती. अक्षू झोपलेली, सासूबाई खाली तुळसामावशींकडे पापड लाटायला गेलेल्या. मी ओट्याशी भांडी विसळत होते. टीव्ही बंद, आतल्या खोलीत प्रीतम भिंतीकडे तोंड करून पडलेला. इतकी शांतता की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पाट सरकवला तरी कळावं. आणि त्यात ती मूठ वाजली.

ते कपाट माझ्या माहेरचं, लग्नातलं. कल्याणहून टेम्पोतून आणताना कुठंतरी आपटलं, तेव्हापासून मूठ अशीच वाजते. गेलं वर्षभर ती फक्त मी फिरवत होते. प्रीतमचे कपडे मी काढून पलंगावर ठेवायचे आणि मी जे ठेवलं असेल ते तो घालायचा. एकदा माझ्याकडून पायजम्यासोबत कामावरचा शर्ट ठेवला गेला, तर तोही घालून बसला.

मी नळ बंद केला. लगेच आत गेले नाही. एवढं मी शिकलेय. धावत गेलं की तो दचकतो आणि 'काही नाही, काही नाही' म्हणत परत आडवा होतो.

"ऐश्वर्या," आतून आवाज आला. "माझा पांढरा झब्बा कुठंय गं? पालखीतला?"

"वरच्या कप्प्यात. साड्यांच्या मागे बघ."

माझा आवाज मी मुद्दाम रोजच्यासारखा ठेवला. आतून हँगर सरकल्याचं ऐकू आलं.

"चुरगळलाय," तो म्हणाला. "इस्त्रीला टाकशील का?"

टाकशील का. मी ओल्या हातांनी ओट्याची कड धरून उभी राहिले. ज्यांच्या घरात असं माणूस नाही त्यांना हे सांगून कळायचं नाही. वर्षभरात त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. काय खाशील, तर काहीही. चहा करू, तर कर. अक्षूच्या वाढदिवसाला केक कुठला आणू, तर तू म्हणशील तो. त्याला काही हवं नव्हतं, आणि नको म्हणण्याइतकं काही नकोही नव्हतं.

"टाकते की," मी म्हणाले. "उद्याच टाकते."

आमचं गाव संगमेश्वराच्या बाजूला. आमचं म्हणजे सासरचं. मी कल्याणातली, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, गाव मला लग्नाने मिळालं. तिथे शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते. पण निम्मं गाव आता दिवा, डोंबिवली, कळवा असं पसरलंय, म्हणून काही वर्षांनी एकदा, शिमगा उरकला की देवी टेम्पोत बसून तिच्या माणसांना भेटायला इकडे येते. ज्याच्या दारात पालखी येईल त्या घरच्या माणसाने पुढचा दांडा खांद्यावर घ्यायचा आणि पालखी नाचवायची. मागच्या खेपेला आली तेव्हा अक्षू पोटात होती. मी गॅलरीत खुर्चीवर बसून बघत होते. प्रीतमचा झब्बा घामाने अंगाला चिकटलेला, डोळे मिटलेले, आणि ती एवढी जड पालखी त्याच्या खांद्यावर पाळण्यासारखी हलत होती. वर आला तेव्हा खांद्यावर वळ उठला होता. मी हळद लावायला गेले, तर म्हणाला, राहू दे गं, दोन दिवस दिसू दे.

या वर्षी पालखी येणार होती, आणि पुढच्याच रविवारी आमच्या बिल्डिंगमध्ये.

*

लोक विचारतात, झालं काय होतं? कसलं टेन्शन? मी खूप शोधलं. काही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कारखान्यात तो मशीनवर प्रोग्रॅमिंग करतो. काम आवडीचं, मालक भला माणूस. मुलगी हसरी. आमचं भांडण म्हणजे गॅलरीत कपडे कोणी वाळत घालायचे एवढ्यावर.

आधी त्याचं बाथरूममधलं गाणं थांबलं. ते माझ्या लक्षात यायलासुद्धा वेळ लागला. मग सकाळी तो पलंगाच्या कडेला बसलेला दिसायचा, एक मोजा पायात, दुसरा हातात. मी डबा भरून यायचे, तरी तसाच. मी म्हणायचे, अरे निघ ना. तो म्हणायचा, हो, निघतोच. एके दिवशी साडेदहालाच घरी परत आला.

"गेटपर्यंत गेलेलो," म्हणाला. "आत जायचं कसं तेच कळेना."

मी घाबरून त्याचा ईसीजी काढून आणला. सगळं नीट. रक्त नीट, साखर नीट. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि मला ठाण्याच्या एका बाईंचं नाव लिहून दिलं. डोंबिवलीत मनाचे डॉक्टर नाहीत असं नाही, पण जिन्यात कुणी भेटलं तर, असा आमचा विचार. ठाण्याला त्याच्या कारखान्यातले दोन-चार सोडले तर आपल्याला कोण ओळखतंय.

त्या पहिल्या दिवशी परत येताना रिक्षात त्याने माझा हात धरला होता, आणि बाहेर बघत बोलला, "मला काही वाटतच नाही ऐश्वर्या. वाईटसुद्धा वाटत नाही. वाईट वाटलं असतं ना, तर बरं होतं."

मला त्याला विचारायचं होतं की म्हणजे माझ्याबद्दलही नाही का, अक्षूबद्दलही नाही का. पण त्याचा हात इतका थंड होता की मी नुसताच धरून ठेवला.

डॉक्टर क्षिप्रा पहिल्या मजल्यावर बसतात आणि त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर हाडांचे डॉक्टर आहेत. दुसऱ्या की तिसऱ्या वेळी आम्ही जिना उतरून खाली आलो तर बाकावर, गुडघा चोळत, धाकूमामा. सासूबाईंचे सख्खे भाऊ, कळव्याचे. गाव एकच, आणि सगळ्या गावकीत मामांचा शब्द चालतो.

"आरं प्रीतम! हितं कुठं? काय, पाठ काय रं?"

"हो मामा," प्रीतम म्हणाला. "मणका."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. एवढ्या झटक्यात तो कित्येक महिन्यांत काही बोलला नव्हता.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं, आणि काय माया सुटली म्हणून सांगू. दिव्याहून कुणी पट्टा पाठवला, कमरेला बांधायचा. मामा स्वतः शीळफाट्याला कुठल्या वैद्याकडे जाऊन तेल घेऊन आले, पाण्याच्या बाटलीत भरलेलं, हिरवंगार, वास असा की अक्षू नाक धरून पळाली. गादीखाली फळी आली. कारखान्याच्या मालकाने फोन करून सांगितलं, घाई नको, पाठ म्हणजे आयुष्यभराचा प्रश्न. मालकांचीही पाठ गेलेली होती एकदा.

आणि सासूबाई. त्यांना खरं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. तोवर त्या दिवसातून दहादा दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अरे ऊठ की रे, किती लोळशील? तुझ्या वयात तुझा बाप दोन पाळ्या करायचा." मणका म्हटल्यावर त्याच बाई त्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवायला लागल्या. लोळण्याचा आराम झाला. फोनवर सगळ्यांना सांगायच्या, "एल-फोर एल-फाइव्ह आहे ना," एखाद्या बसचे नंबर सांगावेत तशा. मला कधी हसू यायचं, कधी रडू. पण एक खरं, त्यांना धरायला काहीतरी मिळालं होतं. मनाला उशी कुठे लावतात ते त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. मला तरी कुठे येत होतं. मीही दाताच्या दवाखान्यात, जिथं रिसेप्शनला बसते, तिथं विचारलं की मणकाच सांगायचे.

गोळ्या आम्ही पट्ट्याच्या खोक्यात ठेवायचो.

आणि गोळ्यांनी हळूहळू फरक पडत होता. पडत होता म्हणजे, आंघोळ न सांगता व्हायला लागली. अर्धा दिवस का होईना, कामावर जायला लागला. पण ते सगळं माझ्यासाठी, अक्षूसाठी, करायचं म्हणून. झब्बा ही पहिली गोष्ट, जी त्याला स्वतःला हवी होती.

*

बुधवारी ठाण्याला जायचं होतं. मीच विषय काढला, की ह्याला पालखी उचलायचीय, गोळ्या चालू असताना चालेल का.

डॉक्टर क्षिप्रांनी मला उत्तर दिलं नाही. त्यांनी प्रीतमकडे बघितलं. "तुम्हाला उचलायचीय?"

"हो."

"किती जड असते?"

"जड असते," प्रीतम म्हणाला, "पण नाचायला लागली की कळत नाही."

"चक्कर वगैरे येत नाहीये ना आता? मग उचला की. पाणी पीत राहा." तो बाहेर गेल्यावर त्या मला थांबवून म्हणाल्या, "ऐश्वर्या, एवढं मात्र होऊ द्या. त्यांनी मागितलंय."

तो आठवडा मी जपून ठेवलाय. प्रीतम स्वतःहून केस कापून आला. एका संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी आले तर स्वयंपाकघरात अक्षू त्याच्या पावलांवर उभी, तिचे हात त्याच्या हातात, आणि तो तिला पालखीची पावलं शिकवत होता. दोन पुढे, एक मागे, मग गिरकी. "बाबा, मी पडेन." "नाही पडत. देवी पडते का?" "देवीला पाय आहेत?" यावर तो हसला. मोठ्याने नाही, नाकातून, पण हसला. मी चपला न काढता दारातच उभी राहिले, उगाच आवाज नको म्हणून.

सासूबाईंच्या जिवाला मात्र घोर लागला.

"उचलेल तो, उचलू दे. पण लोकांना काय सांगायचं? वर्षभर पाठ पाठ, आणि आता एकदम पालखी?"

"सांगायचं, बरा झाला."

"मणका असा बरा होतो होय? धाकू अजून तेल घेऊन येतोय."

"मग खरं सांगू या आई."

त्यांनी हातातली भाजीची जुडी खाली ठेवली. "अगं बाय, मणक्याला कुणी हसत नाही."

"याला तरी कोण हसणार आहे?"

"हसणार नाहीत," त्या म्हणाल्या. "त्याचीच भीती वाटते मला." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

शेवटी त्यांनी मामांना फोन लावला, स्पीकरवर, मी समोर. म्हणाल्या, प्रीतमचं आता चांगलं आहे रे, रविवारी दांडा धरायचा म्हणतोय. पलीकडून मामा हसले. "शेवंते, बरं वाटतंय तेव्हाच जपायचं आसतं. मणका लई दगाबाज. आमी हाय ना धरायला." आणि पालखी किती वाजता पोचेल, ओटीला खण कुठले, यावर बोलणं गेलं.

*

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या पुढचं अंगण मोकळं केलं होतं, स्कूटर सगळ्या मागे. सोसायटीचे हरिहरकाका गच्चीवरून ओरडून सांगत होते, "साडेबाराच्या आत आवरा बरं का, आमच्या सुमतीला ढोलाने धडधडतं," आणि त्यांच्या सुमतीकाकू नारळ घेऊन सगळ्यात पुढे उभ्या. टेम्पो वळला तसे ढोल सुरू झाले. प्रीतम माझ्या शेजारी उभा होता. झब्ब्याला कडक इस्त्री. पायात चप्पल नाही. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता, आणि ते त्याला कळतही नव्हतं.

देवीला अंगणात पाटावर बसवलं. बायकांनी ओट्या भरल्या. मग विठ्ठल गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. एकेक घराचं नाव घेऊन तो देवीला सांगत होता, याच्या नोकरीचं बघ, तिच्या मुलाचं बघ, आणि सगळे हात जोडून प्रत्येक वाक्यामागे म्हणत होते, व्हय म्हाराजा.

"आनि ह्यो जो तुझा लेकरू प्रीतम," गुरव म्हणाला, "त्याच्या पाठीला जी काय पीडा असंल, मणक्याला जो काय दोष असंल, तो आई तू दूर कर."

"व्हय म्हाराजा," सगळं अंगण म्हणालं.

प्रीतमही म्हणाला. हात जोडून, डोळे मिटून. त्याच्या पाठीसाठी एवढी माणसं मनापासून मागत होती, की माझ्याही तोंडातून निघून गेलं.

मग पालखी उचलली. मागे दोघे, पुढचा दांडा मामांच्या हातात, घरच्या माणसासाठी धरून ठेवलेला. प्रीतम पुढे झाला आणि त्याने खांदा खाली केला.

"आरं आरं," मामा म्हणाले. "तू कुठं? नुस्ता हात लाव, नमस्कार कर."

"मामा, घेतो ना मी."

"पाठ मोडून घेतोस काय? उद्या परत आडवा झालास म्हंजे?"

"दादा, तू राहू दे," मागच्यातला एक जण म्हणाला. "आम्ही आहोत ना, तुझ्या नावाने नाचवतो."

"माझी पाठ ठीक आहे," प्रीतम म्हणाला. तो हसत होता, पण दांडा त्याने सोडला नव्हता. मामांनीही नाही. दोघांचे हात दांड्यावर, आणि सगळे हसताहेत, मायेने हसताहेत, कुणीतरी त्याची कंबर थोपटतंय, कुणीतरी मागून त्याला धरून बाजूला घेतंय, लहान मुलाला विळीपासून उचलावं तसं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. मी प्रीतमकडे बघितलं. त्याचं हसू अजून तोंडावर होतं आणि त्यामागचं सगळं विझायला लागलं होतं. मी ते विझताना एकदा पाहिलं होतं. मला ते दुसऱ्यांदा बघवेना.

"मामा," मी म्हणाले, "ह्यांच्या पाठीला काही झालेलं नाही."

"सुनबाई, मी सोता तेल आणलंय."

"पाठीला कधीच काही नव्हतं. आम्ही ठाण्याला वरच्या डॉक्टरांकडे जात होतो. ह्यांना डिप्रेशन होतं. गोळ्या चालू आहेत, आता पुष्कळ बरं आहे. पालखी उचला असं डॉक्टरांनीच सांगितलंय."

ढोलवाल्यांना ऐकू गेलं नाही, ते वाजवतच राहिले. दांड्याभोवतीची माणसं मात्र गप्प झाली. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. सासूबाई खाली बघत होत्या, त्यातच त्यांना उत्तर मिळालं. मला वाटलं होतं ते रागावतील. फसवलं म्हणतील. ते रागावले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते.

"मला सांगायचंस की रं," ते प्रीतमला म्हणाले. फार हळू. आणि दांड्यावरचा हात काढून त्यांनी त्याचा दंड धरला, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्याचा धरतात तसा. "घे. घे तू. आई बरं करील."

त्याने खांदा लावला.

आणि मग ते झालं. पुढचा दांडा एकाने धरायचा असतो. त्या दिवशी तो सहा जणांनी धरला. डावीकडून दोन हात, उजवीकडून दोन, मामा समोरून, आणखी कोणीतरी मागून. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी आपापलं पुढे होऊन दांडा वर तोलून धरला. मी एका हाताच्या अंतरावर होते, मला दिसत होतं. दांडा प्रीतमच्या खांद्याला टेकलाच नाही. झब्ब्याची इस्त्रीसुद्धा मोडली नाही. ढोल नाचायचा ठेका वाजवत होते आणि पालखी चालत होती, सावकाश, एखाद्याला आजारपणातून पहिल्यांदा फिरायला न्यावं तशी. तो त्या हातांच्या मधोमध, मान वाकडी करून, नसलेल्या वजनाखाली पावलं टाकत होता. दोन पुढे, एक मागे. गिरकी कुणी घेऊ दिली नाही.

"बाबा, नाच ना," अक्षू माझ्या कडेवरून ओरडली.

अंगणाच्या अर्ध्यातच तो बाहेर आला. त्याने कुणाला ढकललं नाही, काही बोलला नाही. मान काढून घेतली, देवीला हात जोडले आणि जिन्याकडे गेला. तो बाजूला झाला तशी बाकीच्यांनी पालखी झटकन खांद्यावर घेतली. आता ती नाचली. काय नाचली. अंगणातल्या सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या.

*

वर गेले तर तो पलंगावर बसला होता. झब्बा काढून नीट घडी घालून शेजारी ठेवलेला. मी त्याच्या पायाशी खाली बसले.

"प्रीतम, मला वाटलं की..."

"मला माहितीय तुला काय वाटलं." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला राग आलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. तो मला समजावतच होता. "पाठीचं होतं तेच बरं होतं गं. पाठ म्हटलं की निदान माणसं तोंडावर नको म्हणायची. आपण हट्ट तरी करू शकायचो."

मग तो भिंतीकडे वळून आडवा झाला.

आता मामांचा फोन त्याला येत नाही, सासूबाईंना येतो. त्या गॅलरीत जाऊन बोलतात. "एकटा सोडत नाही रे आम्ही," असं एकदा माझ्या कानावर आलं. मालकांनी कुठून तरी ऐकलं, आणि त्यांनीही सांगितलं की घाई नको, पण या वेळी त्यांच्या 'घाई नको'मध्ये त्यांची स्वतःची गोष्ट नव्हती. कुणी हसलं नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या ते मला आता कळतं. हसणाऱ्याशी भांडता येतं. हे सगळे आमच्या दारात आले की आवाज खाली करतात आणि प्रीतमला 'काय म्हणतोस' असं सुद्धा विचारत नाहीत, मलाच विचारतात, तो समोर बसलेला असताना.

डॉक्टर क्षिप्रा म्हणाल्या, असं घसरतं मधूनमधून, सुरुवातीला परत गेलो असं समजू नका. गोळी थोडी वाढवलीय. त्या म्हणतात ते खरं असेल. मी त्यांचं ऐकते, त्याला दुपारी गॅलरीत उन्हात बसवते, रोज अंगणापर्यंत तरी चालवते. त्यांनी हेही विचारलं की सांगितल्याचा तुम्हाला पश्चात्ताप होतो का. मी हो म्हणाले, मग नाही म्हणाले. परत येताना रिक्षात त्याचा हात मीच धरला.

सासूबाई परवा त्याच्याजवळ जाऊन बसल्या. उशी घेऊन आल्या होत्या हातात, नेहमीसारखी. गुडघ्याखाली सरकवायला वाकल्या आणि मध्येच थांबल्या, की आता कशाला. बराच वेळ ती उशी तशीच मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

हे सगळं मी रोज अक्षू झोपली की थोडं थोडं लिहिते, ओट्यावरच, कुकर निवेपर्यंत. आज ती लवकर उठली. आधी बाबाच्या खोलीत गेली. मला वाटलं त्याला उठवेल, म्हणून मी दारातून बघितलं. ती पलंगाजवळ उकिडवी बसून त्याच्या पाठीकडे बघत होती. मग हळूच एक बोट तिने त्याच्या पाठीवर, मधोमध, टेकवलं. तो हलला नाही. तिने बोट थोडं खाली सरकवून परत दाबलं.

मग स्वयंपाकघरात आली आणि माझ्या गाऊनला धरून उभी राहिली. केस सगळे तोंडावर.

"आई, तू खाली सगळ्यांना सांगितलंस ना, बाबाच्या पाठीला काही नाही म्हणून?"

"हं."

"मग गुडघ्याला झालंय? मामाआजोबांसारखं?"

"नाही गं सोन्या."

"पोटात?"

मी तिचे केस मागे घेतले, कानामागे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मग बाबाला कुठं दुखतं?"